पाण्यावरून आलेलं ताट



पूर्वेकडच्या सयाम देशात, म्हणजे १९३९ पासून ज्याला थायलंड म्हणतात त्या देशात, पाण्यावर भरणारे बाजार आहेत. बँकॉकच्या नैर्ऋत्येला सुमारे १०० किलोमीटरवर दाम्नोन सादुआक नावाचा एक कालवा आहे. राजा मोंगकुटाच्या कारकिर्दीत, १८६६ ते १८६८ या काळात तो खणला. लांबी ३२ किलोमीटर. दोन नद्या त्याने जोडल्या, काठानं बागा उठल्या आणि बागाईतदारांच्या बायका आपला माल होडीत घालून विकू लागल्या. डोक्यावर झापांची रुंद टोपी, समोर नारळ, पपनस, केळी. एखादीच्या होडीत चूलच पेटलेली. तिच्यावर आपल्या आप्पेपात्रासारखं खळग्यांचं भांडं आणि त्यात तांदळाचं पीठ नि नारळाचा रस घालून केलेले गोड आप्पे. गिऱ्हाईकही होडीत, दुकानही होडीत. सकाळपासून हिंडत, चाखत जायचं आणि पोट भरलं की घरी परतायचं.

हे वर्णन ऐकून एखादा मालवणी गृहस्थ म्हणेल, "त्यात काय नवीन? आमचे नारळ नि तांदूळ होडीतसूनच येत होते." आणि त्याचं म्हणणं खोटं नाही. आपल्याकडे पाण्यावर असा बाजार बसला नसेल. पण आपल्या ताटातला निम्मा-शिम्मा माल पाण्याच्या वाटेनं आलेला आहे. आज आपण त्या वाटेनं एक दिवस फिरू. सयामला जायची गरज नाही. मालवणच्या दक्षिणेला, तारकर्लीच्या पुढे असलेल्या देवबागेपर्यंत गेलं की पुरे.

देवबागेची जागा मोठी मजेची आहे. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदीची खाडी आणि दोहोंच्या मध्ये वाळूची एक चिंचोळी पट्टी. त्या पट्टीवर माड, माडांत घरं. काही ठिकाणी तर एका दारातून समुद्राची गाज ऐकावी आणि दुसऱ्या दारातून खाडीतली होडी पाहावी. दक्षिणेच्या टोकाला नदी समुद्राला मिळते. पलीकडे दिसतं ते वेंगुर्ले तालुक्यातलं भोगवे. दोन्ही बाजूंना खारं पाणी. तरी वाळूत विहीर खणली की गोडं पाणी लागतं. पावसाचं मुरलेलं पाणी हलकं, ते खाऱ्या पाण्याच्या वर तरंगत राहतं. मात्र उपसा मर्यादेत हवा. हाव केली, की खालचं खारं पाणी वर येतं.

अशा गावात दिवस कधी सुरू होतो? सूर्य उगवला म्हणजे, असं आपण म्हणू. पण खाडीकाठचा माणूस आधी तिथी बघतो. आपल्या दर्यावर्दी लोकांचा एक ठोकळ हिशेब आहे. शिक्षक मंडळींनी तो वर्गात जरूर सांगावा. तिथीचा पाऊणपट करायचा, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमी असेल तर सहा वाजता, दशमी असेल तर साडेसात वाजता. मग सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी. पूर्वी खाडीतली वाहतूक या गणितावर चाले. भरतीच्या पाण्याबरोबर होडी वर न्यायची, ओहोटीच्या पाण्याबरोबर खाली आणायची. उगाच पाण्याशी भांडायचं नाही. पोराला पाऊणकी पाठ का हवी, हे इथं छडीशिवाय कळतं.

तर आपण सकाळी किनाऱ्यावर आलो आहोत. पोटात काहीतरी हवं म्हणून आधी उकड्या तांदळाची पेज घेऊ. बरोबर भाजलेला सुका बांगडा, नाहीतर खारातली कैरी. पेज प्यायल्याशिवाय रापण ओढायला हात चालत नाहीत.

रापण म्हणजे काय, हे घाटावरच्या श्रोत्यांसाठी सांगतो. एक लांबच लांब जाळं असतं. त्याचा एक दोर किनाऱ्यावर ठेवून होडी समुद्रात जाते, अर्धवर्तुळ करीत जाळं सोडत येते आणि दुसरा दोर किनाऱ्यावर आणून देते. मग दोन्हीकडून माणसं दोर ओढू लागतात. हे एकट्या-दुकट्याचं काम नव्हे. त्यासाठी संघ लागतो, आणि मिळालेल्या मासळीचे वाटे ठरलेले असतात. ओढायला हात लावणाऱ्या शेजाऱ्यालाही घरच्या कालवणापुरते मासे मिळतात. गाबीत समाजानं ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालवली. जाळं वर आलं की वाळूवर चांदी पसरल्यासारखे बांगडे, पेडवे, तारल्या. तिथंच लिलाव होतो, आणि टोपल्या भरून बायका निघतात. "मासे इले काय गे बाय?" असा आवाज आला, की गल्लीतल्या मांजरालासुद्धा कळतं.

बाजाराचा हा पहिला भाग झाला. पण मासा हा नाशवंत माल. दुपारपर्यंत विकला तर मासा, नाहीतर खत. तो टिकवायचा तर मीठ हवं. मालवण या नावाची उत्पत्तीच काही जण 'महालवण' अशी लावतात. ती खरी असो वा नसो, मिठावाचून या किनाऱ्याचं चालत नव्हतं, हे खरं. पावसाळ्यात दर्या बंद असतो. तेव्हा सुके बांगडे, सुकट नि जवळा यांवर घरं चालत. म्हणूनच इंग्रजांच्या मिठावरच्या कराचा चटका इथं पानात बसे. १९३० च्या मे महिन्यात वेंगुर्ल्याजवळच्या शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला, तो तिथं मिठागरं होती म्हणून. पुस्तकात आपण दांडी वाचतो आणि शिरोडा विसरतो. गांधीजींनी मीठच का निवडलं, हे कळायला खारा बांगडा खाणाऱ्या माणसाला व्याख्यान लागत नाही.

मालवणच्या बंदरातून समोर पाहिलं, की सिंधुदुर्ग दिसतो. १६६४ च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर त्याचं काम सुरू केलं आणि तीनेक वर्षांत तो उभा राहिला. तट, बुरूज यांची वर्णनं आपण पुष्कळ ऐकली आहेत. आज दिवस खाण्यापिण्याचा आहे, तेव्हा मी तुम्हाला किल्ल्यातल्या तीन विहिरी दाखवतो. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. चहूकडे खारं पाणी, आणि आत या तिन्ही विहिरींना गोडं पाणी. नावं ठेवणाऱ्यानं दूध, दही, साखर हेच शब्द का निवडले असतील? ज्या बेटावर दाणा होडीतून आणायचा, तिथं गोड्या पाण्याचीच चैन. गड लढवायला तोफ लागते हे खरं. पण गड राहतो तो पाणी नि धान्य यांवर, आणि ते धान्य वाहणाऱ्या होड्यांवर.

आता मध्यान्ह झाली. देवबागेत एखाद्या घरी जेवायला बसू. ताट येतं. भात, बांगड्याचं तिखलं, तळलेला मासा, काळ्या वाटाण्याची उसळ आणि वाटीत सोलकढी. हे ताट पुढ्यात घेऊन आपण एक प्रश्न विचारू: यातलं इथलं काय, आणि बाहेरून आलेलं काय?

तांबडा रंग पाहून कुणीही म्हणेल, मिरची ही तर मालवणची ओळख. पण मिरची इथली नव्हे. ती अमेरिका खंडातली. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला, १५१० साली आल्बुकर्कनं गोवा घेतलं, आणि त्यानंतर पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर ती या किनाऱ्यावर आली. त्यापूर्वी आपल्याकडे तिखटपणासाठी मिरी होती. नवी वस्तू आली, तेव्हा लोकांनी मिरीच्याच नावावरून तिला मिरची म्हटलं. पुढची गंमत ऐका. ही मिरची घाट चढून देशावर गेली आणि तिथल्या जमिनीत रमली. आज उन्हाळ्यात मालवणी मसाल्यासाठी संकेश्वरी नि ब्याडगी मिरची आपण घाटावरून आणतो. म्हणजे समुद्रातून आली, घाट चढली, आणि दरसाल पाऊस पडण्यापूर्वी माहेरवाशिणीसारखी खाली उतरते!

काजूचीही तीच कथा. मूळ ब्राझीलचा. तिथल्या लोकांचा शब्द पोर्तुगीजांनी उचलला आणि आपण पोर्तुगीजांकडून उचलला. आज ओल्या काजूगरांची उसळ झाल्याशिवाय चैत्र आल्यासारखं वाटत नाही. वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्रानं काजूच्या ज्या नव्या जाती काढल्या, त्या 'वेंगुर्ला' याच नावानं देशभर ओळखल्या जातात. परदेशातून आलेलं झाड, आणि नाव वेंगुर्ल्याचं! अननस, बटाटा, पाव ही नावंदेखील पोर्तुगीजांच्याच शिदोरीतली.

मग आपलं काय? आपलं कोकम. हे सह्याद्रीच्या कुशीतलं झाड. वैशाखात त्याची फळं फोडायची, सालं त्याच रसात मिठासह बुडवून पुनःपुन्हा उन्हात वाळवायची, की 'सोलं' तयार. पाऊस अंगावर येण्याआधी हे काम उरकलं पाहिजे. त्यामुळे त्या दिवसांत घरातल्या बाईला उसंत नसते. आपलं तिरफळ. काटेरी झाड, फळातली बी टाकायची आणि साल कालवणात घालायची. बांगड्याच्या उग्र वासाला तेवढीच आवरते. आणि आपला माड, ज्याच्या रसावाचून इथं कालवणही होत नाही आणि पक्वान्नही होत नाही.

इथं सयामची पुन्हा आठवण येते. गोवा घेतल्यावर पुढच्याच वर्षी, १५११ साली, आल्बुकर्कनं मलाक्का गाठलं आणि तिथून आपला वकील सयामच्या अयुथ्या दरबारी पाठवला. ज्या लोकांनी मिरची आपल्या किनाऱ्यावर आणली, त्यांच्याच व्यापारानं ती सयामकडेही पोचली. आज तिथल्या कालवणाचा तिखटपणा जगभर गाजतो. ते लोकही त्यात नारळाचा रस घालतात. आपण शिरवाळे करतो, म्हणजे तांदळाच्या उकडीच्या शेवया, आणि गुळाच्या नारळरसात बुडवून खातो; तेही तांदळाच्या पिठाच्या शेवयांसारखा पदार्थ ताडगूळ घातलेल्या नारळरसात खातात. थायलंडच्या उत्तर भागात मखवेन नावाचा मसाला वापरतात, तो आपल्या तिरफळाच्या कुळातला. तिरफळ कुणी गलबतातून नेलं नाही. दोन्हीकडच्या रानांत ते आपोआप वाढलं. म्हणजे काही चवी जहाजानं सारख्या केल्या, तर काही पावसानं.

जेवण झालं. आता थोडी वामकुक्षी, आणि भरती लागली की खाडीतून वर जाऊ. डावी-उजवीकडे खारफुटी, मागे माड. ही कर्ली नदी सह्याद्रीतून येते. वालावलच्या लक्ष्मीनारायण मंदिराच्या परिसरातून पुढे देवबागेकडे उतरते. सडका नव्हत्या तेव्हा हीच सडक होती. खालून मीठ, सुकी मासळी, नारळ वर जात; वरून भात, आंबे, फणस, सोलं, सरपण खाली येई. तरीवर माणसं जमत, माल उतरे, बोलाचाली होत. घासाघीस, उधारी, लग्नाची बोलणी, सारं त्या तरीवर. सयामच्या बाजारासारखी टोप्यांची शोभा तिथं नव्हती. पण काम तेच होतं.

खाडीच्या तोंडापासून पुढे मोठ्या बंदरांची साखळी. वेंगुर्ल्याला सतराव्या शतकात डच लोकांनी वखार घातली होती. गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला आणि जहाजांना शिधासामग्री पुरवायला ती जागा त्यांना सोयीची वाटली. १८१२ च्या तहानं मालवण करवीरकरांकडून इंग्रजांकडे गेलं. पुढे आगबोटी आल्या, आणि मुंबई हेच मालवणचं मोठं गिऱ्हाईक झालं. बोट दूर उभी राहायची, पडावातून उतारू नि गाठोडी ने-आण व्हायची. चाकरमानी मुंबईला परत निघाला, की त्याच्या गाठोड्यात आई काय बांधत असे? कुळथाचं पीठ, सोलं, फणसपोळी, खाजं आणि कापडात घट्ट बांधलेली सुकी मासळी. गिरणगावातल्या खोलीत ते गाठोडं उघडलं, म्हणजे सगळ्या चाळीला कळत असे की बोट आली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही बोट बंद पडली. सडका झाल्या, खाड्यांवर पूल झाले. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली. यात वाईट काहीच नाही, हे मी स्पष्ट म्हणतो. बाळंतिणीला रात्री दवाखान्यात न्यायचं, तर भरतीची वाट बघत बसावं, असं कोण म्हणेल? पण एक गोष्ट घडली. पाण्याच्या वाटेनं माल येत होता, तेव्हा कुठला माल कुणी पिकवला हे खाणाऱ्याला माहीत असे. ट्रकातून मोहरबंद पिशवी आली, आणि ती ओळख संपली.

सयाममध्येही हेच झालं. बँकॉकचे कित्येक कालवे बुजवून रस्ते केले, आणि तरंगते बाजार एकामागून एक आटले. मग प्रवासी मंडळींना दाखवायला म्हणून दाम्नोन सादुआकचा बाजार नावारूपाला आणला. आज तिथं मोटारीच्या होड्यांतून देशोदेशीचे पाहुणे हिंडतात आणि फळांबरोबर टोप्या नि खेळणीही विकली जातात. जवळच अम्फावा नावाचं गाव आहे. तिथला बंद पडलेला बाजार २००४ साली पुन्हा सुरू झाला. शनिवार-रविवारी संध्याकाळी तो गजबजतो. बाजार वाचला, हे चांगलं. प्रश्न एवढाच उरतो, की बाजार आपल्या गरजेचा राहिला, का पाहुण्यांच्या हौसेचा?

हा प्रश्न घेऊन आपण संध्याकाळी देवबागेच्या संगमावर येऊ. इथं ओहोटीला पाण्यातून रेतीचा एक दांडा वर येतो. २००४ च्या डिसेंबरातल्या सुनामीनंतर तो वर आला, असं लोक सांगतात, आणि त्याचं नावही सुनामी बेट पडलं आहे. होड्यांतून पाहुणे तिथं जातात. गावातल्या पुष्कळ घरांनी न्याहारी-निवासाची सोय केली आहे. ज्या होडीनं पूर्वी माल वाहिला, ती आता माणसं फिरवते. पोरगा मुंबईला न जाता गावात राहतो, घरच्या बाईच्या रांधण्याला दाम मिळतो. हे मोठं काम झालं.

पण दोन गोष्टी विसरता कामा नयेत. एक म्हणजे खालची वाळू. समुद्र ही पट्टी खात चालला आहे. लाटांना अडवायला दगडी बंधारे घालावे लागले आहेत. दुसरी म्हणजे पाण्यातली मासळी. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद ठेवण्याचा सरकारी नियम आहे, कारण पुष्कळ माशांचा हा विणीचा काळ. १९८१ साली महाराष्ट्रानं सागरी मासेमारीचा कायदा केला. २०१६ साली पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आणले. यांत्रिक बोटी नि रापणकार यांचा मालवणच्या किनाऱ्यावरचा झगडा जुना आहे, आणि तो अजून मिटलेला नाही. रापणीच्या जाळ्यात काही आलंच नाही, तर वाटे कसले करणार?

पाहुणा जेवायला बसला की सुरमई मागतो, पापलेट मागतो. ऋतू असो, नसो. अशा वेळी घरधनिणीनं त्याला निःसंकोच सांगावं, "भाऊ, आज सुरमई नाही. आज ओहोटीला आम्ही तिसरे वेचले आहेत, ते खाऊन बघा." शेवटे आहेत, कालवं आहेत, कुर्ल्या आहेत. खाडीनं त्या दिवशी जे दिलं, ते ताटात पडलं, तर ते ताट देवबागेचं. बर्फातून दूरवरचा मासा आणून वाढला, तर ते कुठल्याही गावचं ताट झालं. पाहुण्याला तेच खायचं असतं, तर तो इतक्या लांब आला कशाला?

शिक्षक मित्रांना जाता जाता एक विनंती. इतिहासाच्या तासाला एकदा मुलांना सांगा, की काल रात्री घरी काय जेवलात ते पाटीवर लिहा. मग प्रत्येक पदार्थापुढे त्याचं मूळ गाव लिहायला लावा. मिरचीपुढे अमेरिका येईल, काजूपुढे ब्राझील, गुळापुढे कोल्हापूर, सोलांपुढे सह्याद्री, मिठापुढे शिरोडा. आणि मासळीपुढे? जो मुलगा मासे विकणाऱ्या मावशीला जाऊन विचारील, "हे बांगडे खयसून इले?", त्याला पूर्ण गुण द्या.

तिथी बघून ठेवा. उद्या भरती पाऊण तास उशिरा आहे.